प्रतिध्वनीची साक्ष

कुंभाराकडून मडके विकत घेताना कोणीही ते नुसते डोळ्यांनी पाहून घेत नाही. बोटाने त्यावर टिचकी मारावयाची. नाद खणखणीत आला तर मडके पक्के आणि बद्द आला तर कोठेतरी चीर आहे असे समजावयाचे, हे घरातल्या आजीपासून नातवापर्यंत सर्वांना ठाऊक असते. चीर दिसत नाही, परंतु ती ऐकू येते. भिंत भरीव आहे की पोकळ, पेटी भरलेली आहे की रिकामी, हेही आपण असेच वाजवून ठरवितो. आज ज्या शास्त्राविषयी मी चार शब्द सांगणार आहे, ते या टिचकीचेच थोरले भावंड होय. फरक इतकाच की, येथे मडक्याच्या जागी समुद्र आहे आणि टिचकी मारणारा माणूस जहाजावर उभा आहे.

उज्जैनसारख्या ठिकाणी, जेथून समुद्र शेकडो किलोमीटर दूर आहे, समुद्राच्या तळाची चर्चा कशासाठी, असे काहींच्या मनात येईल. त्याचे उत्तर ओघाने पुढे येईलच. तूर्त एवढेच ध्यानात घ्यावे की, आपल्या पृथ्वीचा सुमारे ७१ टक्के पृष्ठभाग पाण्याखाली आहे आणि त्या पाण्याखालच्या जमिनीपैकी जेमतेम चौथ्या हिश्श्याचे प्रत्यक्ष मोजमाप आजवर झाले आहे. उपग्रहांनी उरलेल्या भागाचा ढोबळ अंदाज दिला आहे खरा, परंतु तो अंदाजच आहे.

हे असे का व्हावे? कारण पाणी हा प्रकाशाचा वैरी आहे. दोनशे मीटर खोलीवर संधिप्रकाश उरतो आणि हजार मीटरांखाली सूर्याचा किरण पोहोचतच नाही. आपले हे भाषण ज्या लहरींवर स्वार होऊन घरोघरी जाते, त्या रेडिओलहरीही खाऱ्या पाण्यात शिरताच विरून जातात. अशा त्या अंधाऱ्या राज्यात एकच दूत दूरवर जाऊन परत येऊ शकतो, तो म्हणजे ध्वनी.

पाण्यात ध्वनी किती वेगाने धावतो, याचे प्रसिद्ध मोजमाप १८२६ साली स्वित्झर्लंडमधील जिनिव्हाच्या सरोवरात झाले. कोलादों आणि स्तुर्म या दोघांनी दोन नावा एकमेकींपासून कित्येक किलोमीटर दूर ठेवल्या. एका नावेखाली पाण्यात घंटा टांगली होती. घंटेवर हातोडा पडताक्षणीच वर बंदुकीच्या दारूचा भडका उडावा अशी योजना होती. दुसऱ्या नावेतील माणूस पाण्यात बुडविलेल्या कर्ण्याला कान लावून बसला होता. भडका दिसल्यापासून घंटानाद ऐकू येईपर्यंतचा वेळ त्याने मोजला. उत्तर आले सेकंदाला १,४३५ मीटर. हवेत ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, म्हणजे पाण्यात तो चौपटीहून अधिक वेगाने धावतो. समुद्राच्या खाऱ्या पाण्यात हा वेग ढोबळमानाने १,५०० मीटर धरतात. तो आकडा सर्वत्र सारखा नसतो, ही गोष्ट मात्र आताच लक्षात ठेवावी. पुढे तिचेच मोठे काम पडणार आहे.

आता तळाकडे वळू. पूर्वीचे खलाशी दोरीला शिशाचा जड गोळा बांधून तो पाण्यात सोडीत आणि दोरी किती वाव गेली यावरून खोली सांगत. त्या गोळ्याच्या बुडाला एक खळगी असे आणि तीत चरबी भरलेली असे. गोळा तळावर आपटून वर आला की, चरबीला वाळू, शिंपल्यांचा चुरा किंवा चिखल चिकटलेला असे. म्हणजे एका दोरीने दोन प्रश्नांची उत्तरे मिळत: तळ किती खोल आहे आणि तळ कशाचा आहे. जाणता तांडेल त्या चिमूटभर वाळूवरून आपले गलबत कोठे आले आहे हेदेखील ओळखी.

विसाव्या शतकात दोरीची जागा प्रतिध्वनीने घेतली. जहाजाच्या तळाशी बसविलेल्या यंत्रातून ध्वनीचा एक ठोका खाली सोडावयाचा, तो तळावर आदळून परत येईपर्यंतचा वेळ मोजावयाचा आणि जाण्यायेण्याचा हिशेब करून खोली काढावयाची. चार सेकंदांनी प्रतिध्वनी आला, तर दोन सेकंद जाण्याचे व दोन येण्याचे. खोली झाली सुमारे तीन हजार मीटर. जर्मनीच्या 'मिटिओर' जहाजाने १९२५ ते १९२७ या काळात दक्षिण अटलांटिक महासागर पुनःपुन्हा ओलांडून अशी हजारो मोजमापे घेतली आणि सपाट समजला जाणारा तळ डोंगरदऱ्यांनी भरलेला आहे हे दाखविले. आपल्या अरबी समुद्रात १९३३-३४ साली 'मबाहिस' हे इजिप्तचे जहाज अशाच यंत्रासह फिरले. त्या मोहिमेचे प्रमुख होते भारतीय प्राणिसर्वेक्षण खात्याचे माजी संचालक सीमोर स्यूएल. अरबी समुद्राच्या पोटातही पर्वतांच्या रांगा आहेत, याचे ज्ञान अशा मोहिमांतून वाढत गेले.

परंतु या सुधारणेत एक गोष्ट हरवली. दोरी गेली, तिच्याबरोबर ती चरबीची खळगीही गेली. तळ किती खोल आहे हे क्षणात कळू लागले. तो कशाचा आहे हे मात्र कळेनासे झाले. ही हरवलेली दुसरी बातमी त्याच प्रतिध्वनीतून परत मिळविणे हे आजच्या समुद्रध्वनिशास्त्राचे एक मोठे काम आहे.

ती मिळते कशी, ते पाहू. ध्वनी एका पदार्थातून दुसऱ्यात शिरताना त्याचा काही भाग परततो आणि काही आत जातो. दोन्ही पदार्थ जितके भिन्न, तितका परतणारा भाग मोठा. ही भिन्नता दोन गोष्टींच्या गुणाकारावरून मोजतात: पदार्थाची घनता आणि त्यातील ध्वनीचा वेग. समुद्रतळावरची पाण्याने भिजलेली वाळू पाण्याच्या जवळजवळ दुप्पट घन असते आणि तिच्यातून ध्वनी सेकंदाला सतराशे मीटरांच्या आसपास धावतो. मऊ चिखलाची घनता पाण्याच्या दीडपटीहूनही कमी असते आणि त्यात ध्वनीचा वेग पाण्याइतकाच, क्वचित थोडा कमीही असतो. या आकड्यांवरून गणित केले तर असे दिसते की, सरळ खाली गेलेल्या ध्वनिशक्तीपैकी सपाट वाळूवरून सातवा-आठवा हिस्सा परत येतो, तर चिखलावरून चाळिसावा हिस्साही मुश्किलीने येतो. उरलेला चिखलातच मुरतो. वाळूचा तळ खणखणीत उत्तर देतो आणि चिखलाचा तळ बद्द, असे म्हणावयास हरकत नाही.

केवळ ध्वनीचा जोरच नव्हे, तर त्याची ठेवणही बोलकी असते. तळ गुळगुळीत असेल तर प्रतिध्वनी आखूड व टोकदार येतो. खडबडीत असेल तर ध्वनी इतस्ततः विखुरतो आणि प्रतिध्वनीचे शेपूट लांबते. शिवाय बारीक आवाज वरच्या थरातच अडतो, तर जाड आवाज चिखलात काही अंतर उतरून आतल्या थरांची बातमी घेऊन येतो. म्हणून एकाच जागी दोन प्रकारचे आवाज सोडले, तर एक साक्षीदार कातडीची आणि दुसरा मांसाची हकिकत सांगतो.

हे काम आपल्या देशात गोव्याला झाले आहे. आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेचे फलित म्हणून १ जानेवारी १९६६ रोजी राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था स्थापन झाली. गोव्यात दोनापावला येथे तिचे मुख्य ठाणे आहे. तेथील बिश्वजित चक्रवर्ती यांनी चंचल डे यांच्यासह भारताच्या पश्चिम किनाऱ्यालगतच्या समुद्रात दोन आवाजांचा उपयोग केला. एक सेकंदाला ३३ हजार आवर्तनांचा आणि दुसरा २ लाख १० हजार आवर्तनांचा. हे दोन्ही आवाज माणसाच्या कानाच्या पल्ल्याबाहेरचे. परत आलेल्या प्रतिध्वनीच्या आकारावरून त्यांनी तळावरील कणांचा सरासरी आकार, पृष्ठभागाचा खडबडीतपणा आणि गाळाच्या आतून होणारे विखुरणे यांचे अनुमान काढले. हे संशोधन २०११ साली प्रसिद्ध झाले आहे.

त्या समुद्राची रचना अशा परीक्षेला अनुकूलही आहे. किनाऱ्याजवळ नद्यांनी आणलेला मऊ गाळ पसरलेला आहे, तर खोल पाण्याकडे जावे तसा वाळूचा व शिंपल्यांच्या चुऱ्याचा तळ लागतो. सुमारे वीस हजार वर्षांपूर्वी, हिमयुगाच्या ऐन भरात, समुद्राची पातळी आजच्याहून सुमारे १२० मीटर खाली होती आणि किनारा कितीतरी पश्चिमेला होता. बाहेरची ती वाळू त्या जुन्या उथळ समुद्राची व किनाऱ्याची ठेव आहे. जहाजावर बसून ऐकलेला एक प्रतिध्वनी असा बुडालेल्या किनाऱ्याचा पत्ता देऊन जातो.

येथवर ऐकून कोणास वाटेल की, प्रतिध्वनी आला, यंत्राने तो वाचला आणि उत्तर छापून दिले. तसे मुळीच नाही. या शास्त्राचा खरा कस येथून पुढे लागतो. आपल्या उज्जैनच्या वेधशाळेतील सम्राट यंत्र अनेकांनी पाहिले असेल. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात सवाई जयसिंगाने उभारलेल्या त्या यंत्राजवळ उभा राहणारा मनुष्य सूर्याकडे डोळे लावीत नाही. तो सावलीकडे पाहतो. सूर्य अमुक ठिकाणी असता सावली कोठे पडेल, हे सांगणे सोपे. सावली अमुक ठिकाणी पडली आहे, तर सूर्य कोठे असला पाहिजे, हा त्याचा उलटा प्रश्न. समुद्रतळाचे अनुमान हा असाच उलटा प्रश्न आहे, मात्र सावलीच्या प्रश्नाहून तो पुष्कळच अवघड आहे. कारण तेथे सावली एकाच सूर्याची असते आणि येथे निरनिराळ्या तळांची 'सावली' कधीकधी हुबेहूब सारखी पडते.

म्हणून शास्त्रज्ञ असे करतात. प्रथम तळ कसा असेल याची एक कल्पना गृहीत धरावयाची. तसा तळ असता प्रतिध्वनी कसा येईल, हे गणिताने काढावयाचे. ते उत्तर प्रत्यक्ष प्रतिध्वनीशी ताडून पाहावयाचे आणि जेथे जुळत नाही तेथे कल्पना बदलावयाची. गणकयंत्र हे काम हजारो वेळा करते आणि शेवटी सर्वांत जवळचे उत्तर पुढे ठेवते. परंतु सर्वांत जवळचे उत्तर म्हणजे खरे उत्तर असे नव्हे. खडबडीत वाळूचा प्रतिध्वनी विखुरल्यामुळे दुबळा होऊन येऊ शकतो आणि मऊ तळाचा भास होतो. आपल्या पश्चिम किनाऱ्याजवळच्या गाळात काही ठिकाणी मिथेन वायूचे बुडबुडे साठलेले आहेत. ते ध्वनीला असे अडवितात की, त्यांच्याखाली काय आहे हे झाकून जाते. अशा वेळी एकट्या प्रतिध्वनीवर विसंबणारा फसतो. म्हणूनच संशोधक ठिकठिकाणी तळावरची मूठभर माती वर काढून आपले अनुमान तपासून घेतात. जुन्या तांडेलाची चरबीची खळगी अशा रीतीने नव्या रूपात जहाजावर परत आली आहे.

आणि हे तपासणे केवळ पांडित्यासाठी नाही. मुंबईच्या पश्चिमेस सुमारे १६० किलोमीटरांवर १९७४ साली 'सागर सम्राट' या जहाजाने केलेल्या खोदकामात खनिज तेल सापडले. आज तेथील पोलादी मंच समुद्रतळात पाय रोवून उभे आहेत. त्या पायांखाली घट्ट वाळू आहे की मऊ चिकणमाती, यावर तेथे राबणाऱ्या माणसांचे प्राण अवलंबून असतात. समुद्रातून जाणाऱ्या तारा, बंदरांचे धक्के, जहाजांचे नांगर या सर्वांना तळाची जात ठाऊक असावी लागते.

आता तळ सोडून पाण्याकडे येऊ. ध्वनीचा वेग सर्वत्र सारखा नसतो, असे मी मघाशी म्हटले. पाणी एक अंश सेल्सिअसने तापले तर हा वेग सेकंदाला तीन-चार मीटरांनी वाढतो. क्षार वाढले तर थोडा वाढतो आणि खोलीबरोबर दाब वाढला तरीही वाढतो. खोली मोजणाऱ्याला ही अडचण वाटते. पण ज्याला पाण्याचाच स्वभाव जाणून घ्यावयाचा आहे, त्याच्या हाती ही किल्लीच आहे. १९७९ साली वॉल्टर मंक आणि कार्ल वुन्श या अमेरिकन शास्त्रज्ञांनी तिचा उपयोग सुचविला. रुग्णाच्या शरीरातून अनेक दिशांनी क्षकिरण सोडून आतले चित्र जुळवितात, तसे समुद्रातून अनेक दिशांनी ध्वनी सोडून आतल्या उष्णतेचे चित्र जुळवावे, अशी ती कल्पना.

याचे गणित शाळेतील मुलालाही करता येईल. एक हजार किलोमीटर अंतर ध्वनी सुमारे ६६७ सेकंदांत, म्हणजे अकरा मिनिटांत कापतो. वाटेतील सारे पाणी केवळ एक दशांश अंशाने तापले, तर वेग सुमारे ०.४ मीटरने वाढेल आणि ध्वनी सेकंदाच्या पाचव्या-सहाव्या हिश्श्याइतका आधी पोहोचेल. आजच्या घड्याळांना एवढा फरक टिपणे अवघड नाही. एखाद्या ठिकाणी बुडविलेला तापमापक तेवढ्याच जागेचा ताप सांगतो. ध्वनी मात्र हजार किलोमीटरांची सरासरी एका फेरीत सांगून जातो. शिवाय ध्वनी दोन्ही बाजूंनी सोडला, तर प्रवाहाच्या दिशेने जाणारा लवकर आणि विरुद्ध जाणारा उशिरा पोहोचतो. या फरकावरून प्रवाहाची गतीही कळते.

ध्वनी इतक्या दूर जातो, त्याचेही एक कारण आहे. वरचे पाणी उबदार, खालचे दाबाखाली दडपलेले. दोन्हीकडे वेग अधिक आणि मधल्या एका थरात सर्वांत कमी. ध्वनी नेहमी कमी वेगाच्या बाजूस वळतो, म्हणून त्या थरात अडकलेला आवाज कालव्यातल्या पाण्यासारखा लांबवर वाहत जातो. अरबी समुद्रात तांबड्या समुद्राचे व इराणच्या आखाताचे उबदार, अतिखारट पाणी खोलवर पसरत असल्यामुळे हा थर बराच खाली, सुमारे पावणेदोन हजार मीटरांवर असतो.

या मार्गाची थोर परीक्षा जानेवारी १९९१ मध्ये झाली. हिंदी महासागराच्या दक्षिण टोकाकडील निर्जन हर्ड बेटाजवळ एका जहाजाने सेकंदाला ५७ आवर्तनांचा खर्जातला आवाज पाण्यात सोडला. ५७ हाच आकडा का? जगातील विजेची यंत्रे ५० किंवा ६० आवर्तनांवर गुणगुणत असतात. त्यांच्या गोंगाटात हा सूर मिसळू नये म्हणून. या प्रयोगात भारतासह नऊ राष्ट्रे सहभागी होती. तो आवाज सुमारे साडेतीन तासांनी, अठरा हजार किलोमीटरांवर, अमेरिकेच्या दोन्ही किनाऱ्यांकडे ऐकू आला. पुढे मे १९९३ मध्ये गोव्याच्या संस्थेने पूर्व अरबी समुद्रातही ध्वनिप्रक्षेपणाचा असा प्रयोग केला.

आता उज्जैनच्या प्रश्नाचे उत्तर. माळव्याच्या काळ्या मातीवर पडणारा पाऊस समुद्राची वाफ आहे. त्या वाफेमागची उष्णता समुद्राच्या वरच्या काही मीटरांतच नसते. ती खाली किती खोलवर साठली आहे, यावर वादळाचे बळ ठरते आणि मान्सूनच्या अंदाजातही तो हिशेब धरावा लागतो. आज हजारो तरंगती यंत्रे समुद्रात बुड्या मारून ही उष्णता प्रत्यक्ष मोजतात, आणि ध्वनीची साक्ष त्यांच्या साक्षीशी ताडून पाहता येते. सोयाबीन पेरून आभाळाकडे पाहणारा शेतकरी समुद्र कधी पाहणारही नाही. त्याच्या हंगामाचा भरवसा मात्र असल्या मोजमापांवरही थोडाबहुत अवलंबून आहे.

तथापि या शास्त्राची एक दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. समुद्र मुका नाही. देवमासे एकमेकांना हाका मारतात, त्या याच खर्जातल्या सुरांत. ज्या जगात डोळ्यांना काम नाही, तेथे आवाज म्हणजे त्यांचे घरदार होय. अरबी समुद्रात कुबडा देवमासा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या जातीचे एक कुळ आहे. ते इतर समुद्रांतील भाईबंदांप्रमाणे दूरदेशी जात नाही, बारमाही येथेच राहते आणि त्याची संख्या फारच थोडी उरली आहे. १९९० नंतरच्या दशकात कॅलिफोर्निया व हवाई बेटांजवळ समुद्राचा ताप मोजण्यासाठी दीर्घकाळ ध्वनी सोडण्याचे ठरले, तेव्हा या मुक्या म्हटल्या जाणाऱ्या जीवांच्या वतीने तीव्र हरकत घेतली गेली. ती हरकत अडाणीपणाची नव्हती. त्यानंतर आवाजाचे परिणाम तपासण्याची अट घालूनच काम पुढे गेले. दुसऱ्याच्या घरात प्रश्न विचारावयाचा तर तो किती मोठ्याने विचारावा, याचाही विवेक हवा.

यामुळेच की काय, आता न बोलता नुसते ऐकण्याकडे शास्त्रज्ञांचा कल वाढत आहे. समुद्रावर पाऊस पडतो तेव्हा सुमारे एक मिलिमीटर जाडीचा थेंब पाण्याखाली इवलासा बुडबुडा अडकवून ठेवतो आणि तो बुडबुडा सेकंदाला पंधरा हजारांच्या आसपास आवर्तने करीत किणकिणतो. मोठ्या थेंबांचा आवाज वेगळा, वाऱ्याने फुटणाऱ्या लाटांचा वेगळा. पाण्यात टांगलेला ध्वनिग्राहक हे भेद ओळखतो आणि जेथे एकही पर्जन्यमापक उभा करता येत नाही, त्या भर समुद्रात पाऊस किती पडला याचे अनुमान देतो. त्यासाठी कोणावर ओरडावे लागत नाही, कोणाची हाक बुडत नाही.

तात्पर्य, समुद्र आपल्याला उत्तरे देतो. पण ती सरळ शब्दांत देत नाही. एका प्रतिध्वनीवर निवाडा करू नये, दुसरा साक्षीदार बोलवावा, मूठभर माती हातात घेऊन पाहावी आणि साक्ष काढताना साक्षीदाराला इजा होऊ देऊ नये. न्यायालयात लागू पडणारा हा नियम समुद्राच्या अंधारातही तितकाच लागू पडतो.